शाळेचा खर्च कोणाचा?

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पुरी झाली. स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहावे असे ठरले, तेव्हा कोणी बाजरीच्या पदार्थांची कृती घेतली, कोणी जात्यावरच्या ओव्या घेतल्या. मी शाळेचा विषय मागून घेतला. माझे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यामुळे काही जणींना हसू आले. पण पाण्याची किंमत कोणाला अधिक कळते, हे जतच्या बाईला वेगळे सांगायला नको. लेखनाची सवय नाही, तरी चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

या विषयाला निमित्तही घडले. गेल्या श्रावणातल्या बैठकीत एका शाळेचा अर्ज आला होता. विजेचे बिल थकले होते, दोन पत्रे उडाले होते, मंडळाने काही मदत करावी अशी विनंती होती. एक बाई म्हणाल्या, “शाळा सरकारची. बिल आपण का भरायचं?” दुसरीने उत्तर दिले, “पोरं तर आपलीच आहेत ना?” दोघींचेही खरे होते, म्हणून निर्णय झाला नाही. चहा झाला आणि सगळ्या घरी गेल्या. माझ्या मनातून मात्र तो प्रश्न जाईना. शाळेचा खर्च खरोखर कोणाचा? पूर्वीच्या लोकांनी याचा काय विचार केला होता? मुलाकडून वाचनालयातली पुस्तके आणवून चार महिने दुपारी वाचत बसले. जे समजले ते साध्या शब्दांत पुढे मांडते.

फार पूर्वी गावात पंतोजींची शाळा असे. पंतोजींना धान्य द्यायचे, सणावाराला काही द्यायचे आणि मुलाला अक्षर शिकवून घ्यायचे. ज्याच्या कणगीत धान्य त्याचा मुलगा शिके. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, ही गोष्ट आपण दर 3 जानेवारीला सांगतो. पण जोतीरावांनी शाळेच्या पैशाबद्दलही सरकारला जाब विचारला होता, हे आपण फारसे सांगत नाही.

मुंबई इलाख्यात 1863 पासून लोकल फंड सुरू झाला. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी ठेवायचा, अशी ती व्यवस्था होती. म्हणजे शाळेसाठी पैसे भरले ते नांगर धरणाऱ्याने आणि त्याच्यामागे पेरणी-खुरपणी करणाऱ्या बाईने. 1882 साली शिक्षणाची चौकशी करण्यासाठी हंटरसाहेबांचे कमिशन आले, तेव्हा जोतीरावांनी त्यांच्यापुढे लेखी निवेदन ठेवले. त्यांच्या म्हणण्याचे सार असे, की सरकारची तिजोरी भरते रयतेच्या घामाने, पण शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गाच्या वरच्या शिक्षणाकडे. खेड्यातल्या मुलांना मात्र धड शिक्षक मिळत नाही. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, असेही त्यांनी सांगितले. त्यांनी सरकारकडे भिक्षा मागितली नव्हती. रयतेने आधीच भरलेल्या पैशाचा हिशेब मागितला होता. भिक्षा आणि हिशेब यांतला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

पुढे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी हाच प्रश्न दिल्ली-कलकत्त्याच्या दरबारी नेला. मार्च 1911 मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. खर्चाची वाटणीही त्यांनी घालून दिली होती. दोन हिस्से सरकारने द्यावेत आणि एक हिस्सा स्थानिक संस्थांनी उचलावा. सरकारचे म्हणणे पडले की लोकांची अजून तयारी नाही आणि पैसाही नाही. 1912 साली 13 विरुद्ध 38 मतांनी ते विधेयक पडले. आज शंभराहून अधिक वर्षे झाली, पण “पैसा नाही” हे उत्तर काही जुने झालेले नाही.

पैसा नाही म्हणतात तो काही ठिकाणी निघाला, हेही सांगितले पाहिजे. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी 1906 साली साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली तसाच कायदा केला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. बडोदे काय, कोल्हापूर काय, इंग्रज सरकारच्या मानाने लहान राज्ये. पण तेथल्या राजांनी प्राथमिक शाळा ही राज्याची पहिली जबाबदारी मानली. घरातसुद्धा असेच असते. मिळकत थोडी असली तरी आधी पीठमीठ आणि मग बाकीचे, असा क्रम बाई लावते. तिजोरीचाही क्रम लावणारा कोणी असावा लागतो.

आपले जत हे डफळ्यांचे संस्थान. 8 मार्च 1948 रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले आणि 1949 साली दक्षिण सातारा जिल्ह्यात आले. 1960 साली त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. विलीनीकरण झाले म्हणजे आपली शाळा आता दरबारच्या मर्जीवर राहिली नाही, कायद्याखाली आली. 1950 साली राज्यघटना अमलात आली. तिने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा असे राज्याला सांगितले. दहा वर्षे म्हणजे 1960. त्या साली महाराष्ट्र झाला, पण तो शब्द काही पुरा झाला नव्हता.

ज्या काळात सरकार पुरे पडत नव्हते त्या काळात लोकांनी काय केले, याचे आपल्या भागातले थोर उदाहरण म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत. त्या मुलांच्या जेवणासाठी पैसे नव्हते तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. 1930 साली त्या वारल्या. आपण ही गोष्ट ऐकून डोळ्याला पदर लावतो. मी पुष्कळदा लावला आहे. पण आता वाचताना मनात वेगळाच विचार आला. मुलांच्या भाकरीसाठी बाईचे मंगळसूत्र मोडावे लागले, हा त्या बाईचा मोठेपणा खरा. पण तिजोरीत पैसा असताना ते मोडावे लागले, ही त्या राज्याला शोभणारी गोष्ट नव्हती. बाईच्या त्यागाचे कौतुक करताना आपण तिजोरीला हिशेब विचारायचे विसरून जातो.

रयत संस्थेच्या इतिहासात आणखी एक गोष्ट आहे. स्वातंत्र्यानंतर लवकरच सरकारशी मतभेद झाले आणि संस्थेचे अनुदान काही काळ बंद पडले. लोकांनी संस्थेला तारले, पुढे अनुदानही पुन्हा सुरू झाले. आपले राज्य आले तरी मर्जीने मिळणारे पैसे मर्जीने थांबू शकतात, हा धडा त्यात आहे. म्हणून शाळेचा पैसा हक्काने मिळाला पाहिजे.

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. त्याच वर्षी राज्यात शिक्षण उपकराचा कायदाही झाला. मग 1964 ते 1966 या काळात कोठारी आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्याच बाजूचे, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. देशाच्या उत्पन्नातले शंभरातले सहा रुपये शिक्षणावर खर्च व्हावेत असे त्या आयोगाने सांगितले. 1968, 1986 आणि 2020 या तिन्ही वर्षांच्या शैक्षणिक धोरणांनी ते मान्य केले, पण सहाचा आकडा आजवर गाठलेला नाही. उलट 2004 साली केंद्र सरकारने करांवर आणखी 2 टक्के शिक्षण उपकर बसवला आणि पुढे तो वाढवला. आपण त्या वेळी घेतलेल्या साबणाच्या वडीच्या किमतीतही शाळेसाठी काही पैसे होते. बाईला त्याची पावती कोणी दिली नाही, एवढेच.

आता थोडे माझ्याविषयी. माझे माहेर तालुक्याच्या पूर्व भागात, सीमेकडे. शाळा दोन खोल्यांची आणि सातवीपर्यंत. 1987 सालानंतर खडू-फळा मोहिमेतून आमच्या शाळेत एक पेटी आली. तिच्यात नकाशे, भिंग, चुंबक असे पुष्कळ साहित्य होते. वस्तू हरवतील म्हणून पेटीला कुलूप असे. वर्षातून एकदा तपासणीच्या दिवशी ती उघडत आणि आम्ही लांबून पाहत असू. सातवीला माझा वर्गात दुसरा नंबर आला. हायस्कूल आठ मैलांवर होते. मुलींना बारावीपर्यंत फी माफ होती, पण वाट माफ नव्हती. एस.टी. दिवसातून दोनदा येई आणि परतीची गाडी अंधार पडल्यावर निघे. मुलींना एस.टी.चा मोफत पास नंतरच्या काळात मिळू लागला. वडील वाईट नव्हते. ते एवढेच म्हणाले, “बाळे, एक वरीस थांब, बघू.” त्या वर्षी पाऊस झाला नाही. आई-वडील ऊसतोडीला गेले, धाकटी भावंडे माझ्याकडे राहिली आणि ते एक वर्ष काही संपले नाही.

यात दोष कोणा एकाचा म्हणून मी सांगत नाही. सांगायचे ते हे, की फुकट शाळा आणि पुरेशी शाळा यांत फरक आहे. फी घेतली नाही म्हणजे शाळा दिली असे होत नाही. जवळ वर्ग पाहिजे, वर्गात शिक्षक पाहिजे, जायला गाडी पाहिजे, मुलींसाठी संडास आणि पाणी पाहिजे. या सगळ्याला पैसा लागतो. तो नसला की त्याची किंमत घरातली मुलगी भरते.

आपल्या तालुक्यात ही गोष्ट अधिकच खरी आहे. गावे लांब लांब, आणि गावापेक्षा मळ्यातल्या वस्त्यांवर राहणारी माणसे पुष्कळ. सन 2000 नंतर राज्यात वस्तीशाळा निघाल्या. कुठे झाडाखाली, कुठे कोणाच्या सोप्यात वर्ग भरे. शिकवणाऱ्या मुलामुलींना सुरुवातीला महिना 1,000 रुपये मानधन होते. एवढ्यावर त्यांनी वर्षानुवर्षे शिकवले आणि 2014 साली ते नियमित शिक्षक झाले. लेकरे शिकली, हे त्यांचे उपकार. पण गावठाणातल्या शिक्षकाला पुरा पगार आणि रानातल्या शिक्षकाला हजार रुपये, ही वाटणी न्यायाची नव्हती. शेवटी ते रानातल्या मुलाचेच मोल कमी धरणे झाले.

भाषेचेही तसेच. उमदी-संखच्या बाजूला पुष्कळ घरांत कानडी बोलतात आणि तिकडे कानडी माध्यमाच्या शाळा आहेत. माझी शेजारीण तिकडची. ती म्हणते, “मास्तराला कानडी येत नसंल तर पोरगं त्याच्या तोंडाकडं बघत बसतं.” सर्वांना सारखे दिले म्हणजे न्याय झाला असे आपण समजतो. पण एका शाळेला जे सहज मिळते ते दुसरीला मुद्दाम शोधून द्यावे लागते, आणि त्याचा खर्च जादा येतो.

लहान शाळेचा हिशेब तर कोणतीही गृहिणी समजेल. चार माणसांचा स्वयंपाक असो की दहांचा, चूल पेटवावीच लागते. पीठ कमी लागेल, पण सरपण त्या मानाने कमी लागत नाही. शाळेला मिळणारे संयुक्त अनुदान पटावर ठरते. 2021 नंतरच्या निकषांप्रमाणे 30 मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला जास्तीत जास्त 10,000 रुपये आणि 100 मुलांपर्यंतच्या शाळेला 25,000 रुपये. दहा हजार म्हणजे महिन्याला साधारण 833 रुपये. त्यात विजेचे बिल, खडू, झाडू, फिनेल, नळाची तोटी आणि उडालेला पत्रा. मी वहीत तीनदा बेरीज मांडून पाहिली. पत्रा बसवला तर बिल राहते आणि बिल भरले तर पत्रा राहतो. आपल्याकडे आलेला अर्ज कोणाच्या आळसातून आला नव्हता, हे मला तेव्हा कळले.

आता एक गोष्ट कबूल करते. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही. माझा धाकटा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत होता. शेजारची पिवळी गाडी दारात येऊ लागली, टाय लावलेली मुले दिसू लागली आणि मला वाटले की आपलाच मुलगा मागे राहील. मी माझी बोरमाळ मोडली आणि त्याला इंग्रजी शाळेत घातले. दोन वर्षे फी भरली, तिसऱ्या वर्षी जमले नाही आणि मुलगा परत आला. परत आल्यावर त्याच्या जुन्या वर्गात पाच मुले कमी झालेली होती. माझ्यासारख्याच आणखी चार आया होत्या. लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले ते दुसऱ्यांच्या मुलांसाठी. मी मोडले ते फक्त माझ्या मुलासाठी, आणि त्याने बाकीच्या मुलांची शाळा एका माणसाने लहान झाली. मुलाला कुठे घालावे हा ज्या त्या आईचा प्रश्न आहे, मी कोणाला बोल लावत नाही. पण शाळेला पैसा कमी म्हणून आपण मुले काढतो, मुले कमी म्हणून पैसा आणखी कमी होतो, आणि मग शाळा चालवणे परवडत नाही असे ऐकू येते. माझ्या धाकट्या जावेची मुलगी वस्तीवरच्या शाळेत आहे. तिथला पट आज चौदा आहे. कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे बोलणे 2023 साली राज्यभर झाले, तेव्हा ती माउली माझ्याकडे येऊन रडली. शाळा लांब गेली तर पोरीला कोण सोडणार? मला माझी आठ मैलांची वाट आठवली.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. 2002 साली घटनेत दुरुस्ती होऊन सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. 2009 साली त्याचा कायदा झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला. त्या कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. म्हणजे चौदा मुलांच्या शाळेलाही दोन. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे अंतर नियमांनी ठरवले आहे. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात शंभरात पंचाहत्तर पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. या समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा आणि त्या आराखड्याच्या आधारावर शासनाने अनुदानाचा विचार करायचा, असे कायद्यातच लिहिलेले आहे.

भगिनींनो, आपल्यापैकी सात जणी अशा समित्यांवर आहेत. मीही तीन वर्षे होते. त्या तीन वर्षांत मी आराखडा एकदाही वाचला नाही. वही आली की सही केली आणि “भाकरी करपायला लागली” म्हणून घरी आले. जोतीरावांनी 1882 साली जो हिशेब मागितला, तो मागण्याची जागा कायद्याने आपल्याला दिली आणि आपण तिथे नुसती सही करून आलो. हे मला आता फार लागते.

तेव्हा श्रावणातल्या त्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. “पोरं आपलीच” म्हणणारीचेही खरे, म्हणून थकलेले बिल या वेळी मंडळाने भरावे. अंधारात बसलेल्या मुलाला थांब म्हणता येत नाही. पण “शाळा सरकारची” म्हणणारीचे त्याहून खरे. म्हणून पैसे देताना सोबत एक कागद द्यावा. वर्षाचा खरा खर्च किती, अनुदान किती आले, तूट किती राहिली आणि मंडळाने किती भरले, हे त्यावर आकड्यांत लिहावे. तो कागद समितीच्या आराखड्याला जोडावा, ग्रामसभेत वाचावा आणि पंचायत समितीकडे देऊन पोच घ्यावी. आपली देणगी मुकाट्याने गेली तर तूट झाकली जाते आणि पुढच्या वर्षी ती आपल्याच पदरी पडते. जिथे मंडळ नाही, देणगीदार नाही, त्या वस्तीवरच्या शाळेला तर कोणीच उरत नाही. देणगी द्यावी, पण हिशेबासकट द्यावी.

हा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. आकड्यांचा कागद लिहायचे काम माझ्याकडे द्यावे अशी विनंती आहे. सातवीपर्यंतचे गणित त्याला पुरते, ते मी करून पाहिले आहे. मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी निघणाऱ्या स्मरणिकेत माझ्या जावेच्या मुलीने लेख लिहावा, आणि त्यात तिचे शिक्षण सातवीपर्यंत असे लिहायची पाळी तिच्यावर येऊ नये, एवढीच दानम्मादेवीच्या चरणी प्रार्थना करून माझे चार शब्द पुरे करते.